कसर

वेर्ण्याच्या पठारावर दुपारी वीज गेली की
आमचं यंत्र एक लांब सुस्कारा सोडतं,
यूपीएस किरकिरतो,
आणि काळ्या पडद्यामागे मी तशीच बसून राहते,
हातमोजे घातलेले हात मांडीवर.

हवालदार कुष्टा वेळीप लिफाफा आणतो,
लाखेचे ठिपके मोजून दाखवतो, सही घेतो.
म्हणतो, "मॅडम, हळदोण्याचं भाट.
चाळीस माड, एक विहीर,
आणि म्हातारी लिस्बनला मेलेली."
आत एकच कागद. विक्रीपत्र. सन एकोणीसशे एकावन्न.
खाली सही: एस्पेरान्सा मिनेझिस.

आधी जांभळ्यापलीकडचा उजेड.
आजचा कागद असता तर निळा पेटला असता,
साबणाच्या जाहिरातीतल्या शर्टासारखा.
हा भुरा, झोपलेला. कूससुद्धा बदलली नाही.
मग तांबड्यापलीकडचा.
हिरड्याची, लोखंडाची जुनी शाई त्यात विरत जाते,
काजळीची तेवढी काळी उरते.
ही विरली. बरोबर.
सगळंच बरोबर,
इतकं, की मला चहा गोड लागेना.

पूर्वी आमच्याकडे एक भिंग होतं
आणि लोटलीकर सर होते.
सर कागद हुंगायचे
आणि कोर्टात शपथेवर सांगायचे, वास नवा आहे.
वकील हसायचे. सर हसायचे नाहीत.
आता एकाच पानावर चौदा तऱ्हांचे उजेड टाकतो,
नखाएवढ्या जागेचे शंभर फोटो,
आणि पडद्यावर कागद म्हणजे
एप्रिलमधलं खाजन: भेगा, बांध, सुकलेले चर.

तिथे दिसलं भोक.
कसरीने खाल्लेलं, सहीच्या शेवटच्या वळणाखाली.
शाई काठापर्यंत आली होती
आणि आत उतरली होती,
कुरतडलेल्या तंतूंच्या टोकांना धरून,
ओहोटीनंतर खारफुटीच्या मुळांना गाळ धरतो तशी.
म्हणजे आधी कीड,
मग सही.
गड्या, कागद जुना मिळवलास,
शाई घरी उकळलीस, टाकाचा कोनही साधलास.
एवढीच कसर राहिली.

इथे माझं काम संपलं होतं.
पण कुष्टा चारला येणार होता,
म्हणून मी दिवा आडवा केला,
सकाळच्या उन्हासारखा, जमिनीला टेकलेला,
आणि जिथे शाईच नव्हती तिथे अक्षरं उठली.
कधीतरी वरच्या पानावर कुणी दाबून लिहिलेलं
या पानाच्या अंगात राहिलेलं:
एस्पेरान्सा. एस्पेरान्सा.
अकरा वेळा.
पहिलं वाकडंतिकडं, भिंत धरून चालल्यासारखं.
चौथ्यात एक अक्षरच राहून गेलं.
अकरावं सरळ, आणि शेवटी एक लहानसा फराटा,
उगीच, ऐटीत.

खालच्या सहीत तो फराटा नाही.

अंगठ्यावरून सहीवर येणारी बाई
कंदिलापाशी बसली असेल, जीभ दातांत धरून,
घरच्या हिशेबाची वही पुढ्यात.
तिचं शेवटचं कोरं पान रद्दीतून फिरत फिरत
त्याच्या हाती पडलं असेल,
आणि तिच्याच कागदावर त्याने तिचं भाट विकलं असेल.
असेल. असेलला आमच्याकडे रकाना नाही.

अहवालात मी लिहिलं:
मुद्दा चार. भोक, शाईचा उतार, छायाचित्रं बावीस.
मुद्दा पाच. शाईविरहित दाबखुणा आढळल्या, संख्या अकरा.
कोणी केल्या, कधी केल्या,
याबाबत मत देता येत नाही.

चारला कुष्टा आला.
"खोटी ना?"
"ही सही खोटी," मी म्हटलं.
तो 'ही'पाशी अडला.
पुढचं वाक्य येईल म्हणून बघत राहिला.
मी मेणबत्ती पेटवली,
लाख वितळायला धरली.